आखडलेला खांदा आणि मॅन्युअल थेरपी : आठेक महिन्यांच्या वापरानंतर

गोळी नाही, यंत्र नाही, निव्वळ हातांनी सांधे हलवून आणि स्नायू दाबून केलेले उपचार मी गेले आठेक महिने घेतेय. फिजिओथेरपीतल्या या भागाला मॅन्युअल थेरपी म्हणतात. मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते, घरगुती खानावळ चालवते, वय बावन्न, साखर आहे. आमच्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय फार. अगदीच असह्य झालं तर तेल चोळायचं, नाहीतर इंजेक्शन घ्यायचं. या दोन्हींच्या मध्ये काही असतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगते. हातांचा गुण येतो, नक्की येतो. पण तो टिकतो थोडा वेळ, आणि त्या थोड्या वेळात आपण स्वतः किती हालचाल करतो त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आंब्याच्या दिवसांत उजव्या दंडाला बाहेरच्या बाजूने ठणका लागायला सुरुवात झाली. खानावळीसाठी रोज ढीगभर नारळ खवायचे, मसाला वाटायचा, मोठी पातेली उतरवायची, त्यामुळे हात दुखणं नवीन नव्हतं. पण हे दुखणं वेगळं निघालं. उजव्या कुशीवर वळलं की झोपेतून जाग यायची. मग हळूहळू हात वर जाईना. वरच्या फळीवरचा डबा निघेना, अंबाडा घालता येईना, ब्लाउजचा मागचा हुक लावायला मुलीला हाक मारावी लागे. कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर वळवायला गेले तर हात भिंतीला टेकल्यासारखा जागच्या जागी अडायचा.

कुडाळला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे स्वच्छ आला. त्यांनी स्वतः माझा हात धरून फिरवून बघितला, त्यांच्या हातानेही तो तेवढाच फिरला, आणि तिथेच त्यांनी निदान केलं : फ्रोझन शोल्डर. स्नायूच्या दुखण्यात आपल्याला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बराचसा जातो. यात दुसऱ्यानेही जात नाही, कारण सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन धुण्यात आटलेल्या ब्लाउजसारखं झालेलं असतं. चाळीस ते साठ या वयात हे जास्त दिसतं, बायकांना जास्त होतं आणि साखर असलेल्यांना तर खूपच जास्त. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग सुटण्याचा, असा हा आजार वर्ष ते तीन वर्षं चालतो. डॉक्टरांनी त्याच दिवशी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला लावली. ८.४ आली. साखर ताब्यात आणल्याशिवाय खांद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पर्याय तीन होते. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं, किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवण्याची शस्त्रक्रिया. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर या तिन्हींची तुलना झाली, २०२० साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. वर्षभरानंतर तिन्ही गटांत रुग्णांना जाणवावा असा मोठा फरक नव्हता. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी पहिल्या पर्यायाने सुरुवात करायचं ठरवलं. इंजेक्शन एकदाच घेतलं. त्यानंतर काही दिवस साखर चढली होती. साखरेच्या रुग्णांमध्ये हे पुष्कळदा होतं, तेव्हा ज्यांना हे इंजेक्शन घ्यायचं आहे त्यांनी त्या दिवसांत साखर घरी तपासत राहावी. रात्रीचा ठणका मात्र त्याने उतरला, आणि मग हातांचं काम सुरू झालं.

ज्या फिजिओथेरपिस्टकडे मी जाते ती तरुण मुलगी आहे. मला काकू म्हणते, मी तिला डॉक्टर म्हणते. पहिल्या दिवशी तिने कोनमापकाने माप घेतलं. हात समोरून वर ९५ अंशांपर्यंत, बाहेर वळणं जेमतेम १० अंश. निरोगी खांदा समोरून जवळजवळ १८० अंश जातो. मग मला उताणं निजवलं, हात अंगापासून थोडा लांब उशीवर ठेवला. तिची एक मूठ काखेजवळ आणि दुसऱ्या हाताचा तळवा दंडाच्या हाडाच्या डोक्यावर. तिथून तिने ते हाड खाली आणि मागे अगदी हळू, एका लयीत ढकलायला सुरुवात केली. जोर नाही, हिसका नाही. अर्धा-एक मिनिट करायचं, थांबायचं, विचारायचं : "काकू, दहापैकी किती दुखतंय?" पाचच्या वर मी काही सांगितलं की हात लगेच हलका व्हायचा.

या पद्धतीला मोबिलायझेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी तिच्या पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या दोन पायऱ्यांत हालचाल सांधा अडतो त्या जागेच्या अलीकडची, ती दुखणं शमवण्यासाठी. तिसऱ्या-चौथ्या पायरीत अडलेल्या टोकापर्यंत जायचं, ते आखडलेपण सोडवण्यासाठी. माझ्यावर पहिले काही आठवडे फक्त खालच्या पायऱ्या वापरल्या. दुखण्याच्या काळात जोर लावला तर आवरण अधिकच चिडतं, हे तिने सांगितलं आणि तसं वागलीही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा असाच खांदा कुणीतरी पहिल्याच दिवशी जोराने वर ओढला होता. त्यांची पुढची कित्येक दिवसांची झोप गेली.

सगळ्यात कठीण भाग काखेतला. काखेच्या आतल्या बाजूने अंगठा घालून पाठीच्या फऱ्याच्या आतल्या पृष्ठभागावरचा स्नायू ती दाबून धरायची. हात आत वळवणारा हा स्नायू, तो ताठ राहिला तर हात बाहेर वळत नाही. डोळ्यांत पाणी यायचं. पण ती अंगठा तसाच ठेवून मला सावकाश श्वास सोडायला सांगायची, आणि चार-पाच श्वासांनंतर अंगठ्याखालची ती गाठ विरघळताना मलाच कळायचं. लगेच पुन्हा माप. १० चे १८-२० झालेले असायचे. पहिल्यांदा तो आकडा बघितला तेव्हा मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो आकडा पुन्हा खाली आलेला असायचा. हे मी तिला निराश होऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "काकू, मी तुम्हाला तासभर मोकळा हात देते. त्या तासाचं तुम्ही काय करता ते मला हवंय." तिथून मला हे उपचार समजायला लागले.

घरी येऊन करायचे व्यायाम साधे आहेत. वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा. बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवत न्यायची आणि कुठवर पोचली तिथे खडूची खूण करायची. उताणं निजून, कोपर अंगाशी ठेवून, दोन्ही हातांत लाटणं धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायचं. पाठीमागे पंचा धरून वरच्या हाताने खालचा हात ओढायचा, पण हा व्यायाम खूप उशिरा सुरू करायचा. आणि कप्पी. दवाखान्यात दाराला लावतात तशी विकत आणायची होती, पण आमच्याकडे विहिरीची जुनी कप्पी पडून होती. यजमानांनी ती पडवीच्या वाशाला बांधली, तेलपाणी केलं, त्यातून सुती दोरी घातली (सुंभ नको, हाताला काचतो) आणि दोन टोकांना लाकडी मुठी केल्या. डाव्या हाताने खाली ओढलं की उजवा वर जातो. दुपारची जेवणं आटोपली की मी पडवीत बसून दहा-पंधरा मिनिटं हेच करते. आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेक, मग कप्पी.

तेलाबद्दल विचारतील म्हणून लिहिते. आमच्याकडे सांधेदुखीला उंडीचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, निगडीच्या पाल्याचा शेकही देतात. मी दोन्ही केलं आणि अजूनही करते. ऊब येते, झोप चांगली लागते, चोळणाऱ्याच्या हाताने बरंही वाटतं. पण कोनमापकावर त्याने अंश वाढले नाहीत. दोन्हींचं काम वेगळं आहे, एकासाठी दुसरं सोडायची गरज नाही.

गणपतीच्या दिवसांत मात्र गाडी मागे गेली. मोदकांच्या ऑर्डरी होत्या, खोबरं खवून खवून खांदा पुन्हा ठणकायला लागला. थेरपी त्या काळात पुन्हा खालच्या पायरीवर आणली, खवण्याचं काम मुलीने आणि यजमानांनी वाटून घेतलं. नंतर दिवाळीपर्यंत अंश भराभर वाढले. आज हात समोरून १५५ पर्यंत जातो, बाहेर ५० पर्यंत वळतो. अंबाडा घालते, वरच्या फळीवरचे डबे काढते. हुक अजून रोज लागत नाही. तीन महिन्यांची साखर ७.१ वर आली, आणि त्याचा यात वाटा आहे असं माझ्या दोन्ही डॉक्टरांचं मत आहे.

हा आजार काळाने आपोआपही सुटत जातो, मग श्रेय हातांना किती द्यायचं हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं : दुखणं कमी होऊन मी हात हलवू शकले, कामावर राहू शकले, रात्री झोपू शकले, हे हातांमुळे. आवरण सुटायला मात्र काळ लागला तो लागलाच.

हे उपचार काम कसे करतात याबद्दल गैरसमज भरपूर आहेत. "मणका सरकला होता, जागेवर बसवला" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मणका असा इकडेतिकडे सरकत नाही आणि अंगठ्याने दाबून परत बसत नाही. सांध्याला आणि त्वचेला मिळालेल्या स्पर्शाचे, दाबाचे संदेश मज्जारज्जूत आणि मेंदूत पोचतात, त्यामुळे वेदनेची तीव्रता काही काळ कमी होते, आवळून बसलेले स्नायू सैल पडतात. सांध्यातून येणारा तो 'टक' आवाजही हाड बसल्याचा नव्हे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली बोटाचा सांधा ओढताना एमआरआयने टिपला, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. आवाज आला नाही म्हणून उपचार वाया गेला असं काही नाही.

आमच्या घरात याचा दुसरा उपयोग यजमानांना झाला. लावणीच्या दिवसांत तरव्याच्या मुठी उचलता उचलता त्यांच्या कमरेत उसण भरली, सरळ उभं राहता येईना. शेजाऱ्यांनी पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायचा सल्ला दिला. आमच्याकडे त्यावर पुष्कळांची श्रद्धा आहे. आम्ही कुडाळला माझ्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिने आधी पायांतली ताकद, मुंग्या, बधिरपणा, लघवीची तक्रार, ताप, सगळं विचारलं आणि तपासलं. मग कुशीवर निजवून कंबर हळूहळू वळवली, मांडीच्या मागचे आणि कुल्ल्यातले स्नायू दाबून मोकळे केले. ते उठून वाकत का होईना चालले. लगेच ताकीद : अंथरुणात पडून राहायचं नाही, दर तासाला अंगणात फेऱ्या. आठवड्याभरात ते बरे झाले. ताजी उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत स्वतःहूनही उतरते, पण ते दिवस कमी त्रासात गेले आणि हालचाल थांबली नाही, हे मोलाचं. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन जाहीर केलं, त्यात व्यायाम आणि समुपदेशनाबरोबर हातांच्या उपचारांना जागा आहे. कोणते उपचार द्यावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेचं २०१६ चं सांगणं त्याहून नेमकं : हातांचे उपचार द्या, पण व्यायामासोबतच, सुटे नकोत. माझ्या पडवीतल्या कप्पीनेही मला तेच शिकवलं.

तिसरा प्रसंग सासूबाईंचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. कळशी उचलताना पाठीच्या मधोमध एकदम कळ आली आणि ती राहिलीच. आम्हा दोघांना गुण आलेला बघून त्या स्वतःहून तयार झाल्या. फिजिओथेरपिस्टने त्यांना बसतं ठेवूनच पाठीच्या कण्यावर वरून खाली बोटांनी हलके टकटक केलं. एका जागी सासूबाई कळवळल्या. मग तिने विचारलं, गेल्या काही वर्षांत पाठ वाकली का, उंची कमी झाल्यासारखी वाटते का. दोन्ही खरं होतं. तिने हात मागे घेतले. सासूबाई म्हणाल्या, "अगो बाय, इतक्या लांब इलंय, जरा चोळून तरी दी गो." ती त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "आजी, आज नाही. आधी फोटो काढूया." एक्स-रेमध्ये मणका दबून चपटा झालेला निघाला. हाडं ठिसूळ झाली होती. त्या पाठीवर कुणी जोर लावला असता, लाथ तर सोडाच, तर काय झालं असतं या विचाराने मला अजून धस्स होतं. त्या दिवशीचे तिने पैसे घेतले नाहीत. हाडांच्या डॉक्टरांचं औषध सुरू झालं, दुखणं ओसरल्यावर तिने खुर्चीतून उठ-बस, श्वास आणि चालणं एवढंच दिलं. त्या मुलीवरचा माझा विश्वास पक्का झाला तो माझा खांदा सुटल्यामुळे नाही, या नकारामुळे.

डोकेदुखीबद्दल थोडक्यात. शाळेत लिपिक असलेल्या माझ्या बहिणीला मानेतून उठून कपाळापर्यंत येणारी एका बाजूची डोकेदुखी होती. मानेच्या वरच्या सांध्यांवर हलकं मोबिलायझेशन आणि मानेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम यांनी ती पुष्कळ कमी झाली. ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवरचा अभ्यास २००२ साली आला होता, त्यात या प्रकारच्या डोकेदुखीला हातांचे उपचार आणि व्यायाम दोन्ही उपयोगी ठरले आणि वर्षभर गुण टिकला. अर्धशिशीची गोष्ट वेगळी, ती आधी डॉक्टरांकडून ओळखून घ्यावी.

या उपचारांच्या नावावर हल्ली काहीही विकलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो. कणा दाबून दमा, थायरॉइड, रक्तदाब, साखर बरी करतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. हातांनी सांधे आणि कणा हाताळायच्या पद्धतींपैकी ऑस्टिओपॅथी १८७४ साली आणि कायरोप्रॅक्टिक १८९५ साली अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा सगळ्या रोगांचं मूळ सांध्यांत आणि कण्यात आहे अशी त्यांच्या संस्थापकांची समजूत होती. ती पुढे टिकली नाही. टिकलं ते स्नायू, सांधे, कंबर, मान यांच्यापुरतं. मोबाइलवर मान फटकन पिरगाळण्याचे व्हिडिओ बघून कुणाच्या हातात मान देऊ नका, घरी तर मुळीच नको. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्याने इजा होऊ शकते. क्वचितच होते, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जाते. आणि लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, ताप, वजन उतरणं, आधी कर्करोग झालेला असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. हातांनी उपचार करणाऱ्याने हे प्रश्न विचारले नाहीत, तर तिथूनच परत फिरावं.

खर्चाचं सांगते. एका वेळचे ४५० रुपये. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा जात होते, आता महिन्यातून एखाद्या वेळी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचं ओझं वाटत नाही, पण पावसाळ्यात अख्खी सकाळ जाते आणि खानावळीचं गणित बिघडतं. आमच्या बाजूला गावागावात अशी माणसं नाहीत ही मोठीच अडचण आहे. जिथे आहेत तिथे पदवी आणि राज्याच्या परिषदेची नोंदणी बघून घ्या, विचारायला संकोच करू नका. बारा-पंधरा वेळचं पॅकेज आधीच गळ्यात मारणाऱ्यापेक्षा दर काही आठवड्यांनी माप घेऊन "आता यायचं अंतर वाढवूया" म्हणणारा बरा. आणि घरी करायला काहीच न देणाऱ्याकडे, त्याचा हात कितीही गोड असला तरी, मी पुन्हा जाणार नाही.

फ्रोझन शोल्डर एका बाजूला झालेल्या काही जणांना पुढे दुसऱ्या बाजूलाही होतो, साखर असेल तर विशेषच. म्हणून दर रविवारी मी आरशासमोर दोन्ही कोपरं अंगाशी ठेवून दोन्ही पंजे बाहेर वळवून बघते. डावा अजून पूर्ण वळतो. तो अडायला लागला तर ठणक्याची वाट न बघता त्याच आठवड्यात जाऊन दाखवायचं, असं तिने सांगून ठेवलंय.